न पाहिलेल्या गुरुजींचं देणं

विपश्यना ध्यान शिकवणाऱ्या सत्यनारायण गोएंका गुरुजींना मी कधी समोरासमोर पाहिलं नाही. त्यांच्या पाया पडले नाही, त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. वरवंडच्या एका प्राथमिक शिक्षिकेचं नाव त्यांच्या कानावर जायचं काही कारणही नव्हतं. तरी आज कुणी विचारलं की बाई, तुम्ही कुणाकुणाचं देणं लागता, तर आईवडील आणि सासूबाई यांच्या पाठोपाठ माझ्या तोंडी त्यांचंच नाव येईल.

मला ते भेटले ते आवाजातून. भरदार, खर्जातला आवाज, वाक्य संपता संपता शेवटचा शब्द लांबवत नेण्याची लकब. मध्येच पाली गाथा किंवा स्वतः रचलेले हिंदी दोहे गाऊ लागले की सूर संथपणे खाली खाली जात राहतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते गाणं जड जातं, मलाही गेलं. विपश्यनेच्या शिबिरात समोर सहायक आचार्य बसलेले असतात; ते विचारपूस करतात, शंकांना उत्तरं देतात. ध्यानाच्या सूचना आणि संध्याकाळचं प्रवचन मात्र गुरुजींचं, ध्वनिमुद्रित केलेलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला शिबिरांची मागणी एकट्या माणसाच्या आवाक्याबाहेर गेली, तेव्हा त्यांनी सहायक नेमले आणि ही पद्धत बसवून दिली. म्हणून आळंदीजवळच्या मरकळला मी जे ऐकलं, तेच शब्द दुसऱ्या कुठल्या देशात, दुसऱ्या कुठल्या भाषेतल्या अनुवादासह माझ्यासारखीच कुणीतरी बाई ऐकत बसलेली असते.

माझं दुखणं अर्धशिशीचं. वर्ग चालू असतानाच डाव्या डोळ्यामागे ठणका सुरू व्हायचा. मग खिडकीतला उजेड नको, पोरांचे पाढे नकोत, डब्याचा वास नको. आमच्या दौंड तालुक्यात उसाचा हंगाम लागला की गुऱ्हाळं पेटतात. पाकाचा तो गोड, करपट वास लोकांना हवाहवासा वाटतो, मला मात्र त्या वासाबरोबर पुढचा दिवस गेला हे कळायचं. त्यात घर हायवेला. सोलापूर रोडच्या ट्रकांना रात्र आणि दिवस सारखाच. गोळ्या चालू होत्या, पुण्याच्या फेऱ्या चालू होत्या. तपासण्यांत काही निघत नव्हतं, आणि काही निघत नाही म्हणजे घरच्यांच्या लेखी काही झालेलंच नाही. अशा दुखण्यात माणूस फार एकटा पडतो.

शेजारच्या गावातल्या शाळेवर एक शिक्षिका होत्या. शिक्षण परिषदेला आमची गाठ पडायची. "माझं नाव कुठे लिहायचं नाही," असं त्यांनी मला बजावलं आहे, म्हणून त्यांचं नाव लिहीत नाही. एकदा परिषद संपल्यावर मी पायरीवर डोकं धरून बसले होते. त्या शेजारी येऊन बसल्या. लिंबू-मीठ, सुंठेचा लेप यातलं काही त्यांनी सुचवलं नाही. एवढंच म्हणाल्या, "ताई, डोकं थांबेल असं मी सांगत नाही. पण दुखतं तेव्हा त्याच्याशी वागायचं कसं, ते शिकता येतं. आपल्याला रजा मिळते त्यासाठी. बघा." राज्य सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना विपश्यना शिबिरासाठी रजा देतं, हे मला त्या दिवशी कळलं. पुढच्या खेपेला त्या छापील अर्जच घेऊन आल्या.

अर्ज वाचला आणि घरात पेच उभा राहिला. आमचं घर माळकरी. शिबिराचे दहा दिवस पूजापाठ, जप, उपास, गंडेदोरे सगळं बाजूला ठेवायचं, म्हणजे शिकवलेली पद्धत निर्भेळपणे तपासून बघता येते, असा नियम. गळ्यातल्या तुळशीच्या माळेचं काय करायचं? शिवाय आळीतल्या दोघीतिघींनी सासूबाईंच्या कानावर घातलंच होतं, "ते त्यांच्यातलं असतं." त्यांच्यातलं म्हणजे कुणातलं, हे गावात उलगडून सांगावं लागत नाही. माझ्या त्या सहकारी शिक्षिका बौद्ध कुटुंबातल्या, एवढ्यावरून हे बोलणं निघालं होतं. मला त्याची तेव्हाही चीड आली आणि आजही येते. ज्या गावातून तुकोबांची पालखी जाते त्या गावात माणसाला आधी जात विचारावी, हे मला कधी पटलेलं नाही.

सासूबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखूची मिसरी लावून झाली, चूळ भरली आणि म्हणाल्या, "तिथं जाऊन खोटं बोलायचं न्हाई ना? चोरी न्हाई, जीव मारायचा न्हाई, गप बसायचं. मग ह्यात वंगाळ काय हाय? जा की. माळ देव्हाऱ्यात ठिव. तुज्या वाटचा हरिपाठ म्या म्हणीन." शिबिराच्या पहिल्या संध्याकाळी साधकाला जे पंचशील घ्यावं लागतं, त्यातलं बरंचसं सासूबाईंनी ओट्यावर बसून आधीच सांगून टाकलं होतं. आणि शब्दाला त्या जागल्या. मी परत येईपर्यंत त्यांनी रोज संध्याकाळी दोनदा हरिपाठ म्हटला, एकदा स्वतःचा आणि एकदा माझा. त्या माउलीचं देणं मी वेगळं कुठे मांडू?

मरकळच्या धम्मानंद केंद्रात पहाटे चारला घंटा होते. साडेचारला ध्यानकक्षात. अकराला जेवण, पाचला नव्या साधकांना चहा आणि फळ-चुरमुरे, सातला प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. बोलायचं नाही, खुणासुद्धा करायच्या नाहीत; त्याला आर्य मौन म्हणतात. जन्मभर घसा फोडून शिकवणाऱ्या बाईला हे मौन अवघड जाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. मला तर पहिल्या दिवसापासून ते मऊ अंथरुणासारखं वाटलं. अवघड गेला तो श्वास. पहिले साडेतीन दिवस आनापान: नाकपुड्यांच्या तोंडाशी श्वास आत येतो, बाहेर जातो, तेवढं बघायचं. मोजायचा नाही, लांबवायचा नाही, त्याला मंत्र जोडायचा नाही. ऐकायला सोपं वाटतं. करायला बसलं की चार श्वासांत मन वरवंडला जाऊन, म्हशीची धार कुणी काढली ते विचारून परत येतं.

चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते. डोक्याच्या टाळूपासून पायाच्या बोटापर्यंत मन फिरवायचं, जिथे जी संवेदना असेल ती जाणायची आणि तिला प्रतिक्रिया द्यायची नाही. त्यानंतर दिवसातून तीन वेळा अधिष्ठानाची बैठक होते: तासभर हातपाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. अशाच एका बैठकीत माझी अर्धशिशी उठली. आचार्याबाईंना मी आधी विचारून ठेवलं होतं. डॉक्टरांनी दिलेली गोळी घ्यायची असेल तर घ्या, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं. पण घंटा व्हायला वेळ होता, म्हणून म्हटलं, तोवर बघू तरी.

इतकी वर्षं जिला मी "डोकं दुखतंय" एवढ्या दोन शब्दांत ओळखत होते, ती गोष्ट मी पहिल्यांदा जवळून पाहिली. ती एकसंध नव्हती. भुवईच्या टोकाशी बारीक टोचणी होती, तिच्याखाली जरा पसरट दाब होता, आणि ठणका येत-जात होता. दोन ठणक्यांच्या मध्ये चक्क मोकळी जागा होती. मान आवळलेली होती, दात एकमेकांवर दाबलेले होते, पोटात गोळा आला होता. हे सगळं दुखण्याचं नव्हतं, ते दुखण्याला घाबरून मीच चालवलं होतं. दात सोडले, तसा खांदा उतरला. डोकं दुखतच राहिलं. पण पोटातली ती भीती त्या दिवशी निम्म्यावर आली, आणि पुढे कधी पूर्वीइतकी वाढली नाही. पाहणाऱ्याच्या नजरेत भरेल असा चमत्कार काही झाला नाही. गोळ्या आजही घरात आहेत, कमी लागतात एवढंच. तरी माझं निम्मं आयुष्य मला परत मिळालं ते त्या तासात.

संध्याकाळच्या एका प्रवचनात गुरुजी स्वतःच्या अर्धशिशीबद्दल बोलले, तेव्हा मी दचकून सरळ बसले. त्यांनाही हेच दुखणं होतं, हे मला माहीत नव्हतं. 1924 साली ब्रह्मदेशातल्या मंडालेला मारवाडी व्यापारी घराण्यात त्यांचा जन्म. तरुणपणीच उद्योगात नाव झालं, रंगूनच्या भारतीय समाजात मान मिळाला, पैसा मिळाला आणि त्याच वयात डोकं धरलं. दुखणं इतकं टोकाचं, की मॉर्फिनची इंजेक्शनं घ्यावी लागत. डॉक्टरांनी सांगितलं, आज दुखण्यासाठी घेताय, उद्या मॉर्फिनसाठीच घ्याल. स्वित्झर्लंड, जर्मनी, इंग्लंड, अमेरिका, जपान, जिथे जिथे मोठा डॉक्टर ऐकला तिथे ते गेले आणि रिकाम्या हातानं परत आले. मग एका स्नेह्यानं त्यांना सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे पाठवलं.

ऊ बा खिन हे कुणी मठातले भिक्षू नव्हते. सरकारी नोकर होते. 4 जानेवारी 1948 रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, त्याच दिवशी ते देशाचे अकाउंटंट जनरल झाले. मुलंबाळं, संसार, फायली सगळं सांभाळून ते ध्यान शिकवत. कचेरीतल्या माणसांना तिथेच शिकवत. 1952 साली त्यांनी रंगूनला स्वतंत्र केंद्र काढलं. गोएंकाजी त्यांच्यापुढे जाऊन म्हणाले, माझी अर्धशिशी बरी व्हावी म्हणून शिकायचंय. ऊ बा खिन यांनी चक्क नाही म्हटलं. डोकेदुखीसाठी ही विद्या नाही. मनातला मळ काढायचा असेल तर या, दुखणं त्याच्या ओघात गेलं तर गेलं. कट्टर सनातनी घरात वाढलेल्या गोएंकाजींना आधीच बुद्धाच्या वाटेला जायची धास्ती होती. विचार करण्यात काही महिने गेले. 1955 साली ते शिबिराला बसले, आणि दुसऱ्याच दिवशी पळून जायला निघाले. ओळखीतल्या एका साधिकेनं समजावलं म्हणून थांबले. त्या बाईंनी त्यांना थांबवलं नसतं, तर आज मी कुणाबद्दल लिहिलं असतं, असा विचार माझ्या मनात पुष्कळदा येतो.

ऊ बा खिन यांचे गुरू सया तेजी. ते तर साधे शेतकरी, भातशेती करणारे. घरातली माणसं पटकीच्या साथीत गेली, त्या दुःखातून ते ध्यानाकडे वळले आणि पुढे त्यांचे गुरू लेडी सयाडो यांनी त्यांना शिकवण्याची आज्ञा केली. हे ऐकलं तेव्हा मला आमच्या इथल्या वारकऱ्यांची आठवण झाली. पाण्याची पाळी, वाफे, औत सगळं संभाळून ज्यांनी अभंग तोंडपाठ केले, अशी माणसं मी लहानपणापासून पाहिली आहेत. शहाणपण शेताच्या बांधावर राहू शकतं, याबद्दल मला कुणी पुरावा द्यायची गरज नाही.

पुढची चौदा वर्षं गोएंकाजी ऊ बा खिन यांच्या हाताखाली राहिले. 1962 साली ब्रह्मदेशात लष्करानं सत्ता घेतली आणि नंतर उद्योगांचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात त्यांचे कारखाने आणि पेढ्या गेल्या. सगळं गेलं म्हणून मला साधनेला वेळ मिळाला, असं ते सांगत. मी आमच्याकडे एका हंगामात कांद्याचा भाव पडला म्हणून उन्मळून गेलेली घरं पाहिली आहेत. त्यामुळे हे वाक्य उच्चारायला किती बळ लागत असेल, याचा मला थोडा तरी अंदाज आहे.

मुंबईला आलेली त्यांची आई आजारी होती. जून 1969 मध्ये त्यांना तिच्यासाठी भारतात यायची परवानगी मिळाली. निघण्यापूर्वी ऊ बा खिन यांनी त्यांना आचार्य म्हणून नेमलं. ऊ बा खिन यांचं म्हणणं असं, की बुद्धाची ही विद्या भारतानं ब्रह्मदेशाला दिली. भारतात ती लोपली, ब्रह्मदेशानं गुरुशिष्यपरंपरेनं जपली. भारताचं ते ऋण आता फेडायचं आहे. त्यांना स्वतःला येता आलं नाही. ते 1971 साली वारले. ते ऋण फेडायला त्यांनी शिष्याला पाठवलं. 1969 च्या जुलैमध्येच मुंबईतल्या एका धर्मशाळेत पहिलं शिबिर झालं. साधक चौदा, त्यात त्यांचे आईवडील. पुढची काही वर्षं गुरुजी आगगाडीनं देशभर फिरले, जिथे जागा मिळेल तिथे शिबिरं घेतली. 1976 साली इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात शिबिरं सुरू झाली. आमच्याच महाराष्ट्रात, कसाऱ्याचा घाट चढून गेल्यावर. त्यांच्या पत्नी इलायचीदेवी सगळीकडे त्यांच्या शेजारी बसून साधिकांना मैत्री देत राहिल्या; त्यांच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही, ते लिहायला हवं.

एका देशाचं दुसऱ्या देशाला देणं, तेही दोन हजार वर्षांपूर्वीचं, आणि ते फेडायला एक निवृत्त हिशेबनीस आणि एक बुडालेला व्यापारी! मला हे सगळं त्या प्रवचनांतून तुकड्यातुकड्यानं कळत गेलं, आणि हिशेब कुठून कुठे जातो ते पाहून मी थक्क होत गेले.

दहाव्या दिवशी मौन सुटतं. बायका एकदम बोलायला लागतात, हसतात, रडतात. त्या दिवशी दानाचं टेबल मांडतात. शिबिराची फी नाही, हे अर्जात वाचलं होतं, पण माझा विश्वास बसला नव्हता. राहणं, जेवण, वीज, पाणी, कशाचंच काही नाही. शिवाय ज्यानं निदान एक शिबिर पूर्ण केलंय त्याच्याकडूनच दान घेतात, नव्यानं आलेल्याकडून शिबिर संपेपर्यंत घेतच नाहीत. मी टेबलावरच्या सेविकेला विचारलं, "मग माझा खर्च कुणी केला?" ती म्हणाली, "तुमच्या आधी बसून गेलेल्या कुणीतरी. कुणी ते आम्हालाही सांगता यायचं नाही. तुम्ही द्याल ते तुमच्या नंतर येणाऱ्यासाठी." पोळ्या लाटणाऱ्या, संडास धुणाऱ्या, घंटा वाजवणाऱ्या बायका कुणी पगारी नव्हत्या. सगळ्या जुन्या साधिका, आपापली रजा काढून सेवेला आलेल्या. त्यांच्यात एक बँकेतल्या अधिकारी होत्या, एक धुणीभांडी करणाऱ्या होत्या, आणि पीठ मळताना दोघी एकाच परातीत हात घालून होत्या.

हे मला चटकन उमगलं, कारण मी वरवंडची आहे. ज्येष्ठ-आषाढात तुकोबांची पालखी यवतहून निघते, चौफुला मागे टाकते आणि संध्याकाळी आमच्या गावात मुक्कामाला येते. दुसऱ्या दिवशी पाटसवरून रोटीचा घाट चढून उंडवडीला जाते. त्या एका रात्रीसाठी गाव जे करतं ते मी सून म्हणून आल्यापासून पाहतेय. शाळेच्या खोल्या दिंड्यांना मोकळ्या करून देतो. ओसरी, गोठा, गच्ची, जिथे पाठ टेकेल तिथे वारकरी झोपतात. भाकरीच्या थापट्या मारून मारून मनगट दुखून येतं. नांदेडकडच्या एका म्हाताऱ्या बाईचे पाय सासूबाईंनी कढत पाण्यानं शेकले, तेल लावलं. सकाळी ती गेली, पुन्हा कधी दिसली नाही. तिनं काय परत करायचं होतं? सासूबाई म्हणाल्या होत्या, "माज्या सासूचं पाय आसंच कुणीतरी पंढरीच्या वाटंला शेकलं आसतील की." मरकळच्या त्या टेबलापाशी मी उभी होते आणि हे जसंच्या तसं आठवलं. नंतर मी सासूबाईंना फी नसल्याचं सांगितलं, तर त्यांना त्यात नवल वाटलंच नाही.

आज शहरांत ध्यान विकलं जातं. मोबाइलवर मासिक वर्गणी, डोंगरावरच्या रिसॉर्टात दोन दिवसांचं पॅकेज. कुणाला त्यातूनही बरं वाटत असेल, मी नाही म्हणत नाही. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली मॅसॅच्युसेट्सच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखण्याच्या रुग्णांना श्वासाकडे आणि शरीराकडे लक्ष द्यायला शिकवायला सुरुवात केली, त्यातून माइंडफुलनेस हा शब्द दवाखान्यांत पोहोचला. ते चांगलंच झालं. जोसेफ गोल्डस्टीन, शॅरन साल्झबर्ग ही आज तिकडची नावाजलेली शिक्षक मंडळी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बोधगयेला गुरुजींच्या शिबिरात बसली होती. इतिहासकार युवाल नोआ हरारी यांनी आपलं एक गाजलेलं पुस्तक गुरुजींना अर्पण केलं आहे. एवढी माणसं पाठीशी असताना गुरुजींनी फी लावली असती, तर कुणी नाही म्हटलं नसतं. त्यांनी कधी लावली नाही. या एका गोष्टीसाठी मी त्यांना फार मोठं मानते. फी असती तर माझ्या त्या वेळच्या पगारातून, दोन मुलांची शिक्षणं चालू असताना, मी गेलेच नसते. आणि धुणीभांडी करणाऱ्या त्या ताई तर दारातूनच परत गेल्या असत्या.

त्यांनी तुरुंगांतही शिबिरं घेतली. 1975 साली जयपूरच्या तुरुंगात पहिलं शिबिर ठरलं, तेव्हा खुनाच्या गुन्ह्यातले कैदी बेड्या घालून समोर आणले गेले. सुरक्षेसाठी ते लागतं, असं तुरुंगवाल्यांचं म्हणणं. बंधनं सोडवायला शिकवायचं आणि समोरचा माणूस बेडीत, हे होणार नाही, असं गुरुजींनी सांगितलं. बेड्या निघाल्या. 1994 साली तिहारला हजारावर कैदी एका वेळी बसले. मी शिक्षिका असल्यामुळे मला या गोष्टीत बेड्यांपेक्षा पुढचं जास्त दिसतं: समोरचा कोण आहे हे न बघता, जे बाहेर शिकवलं तेच, त्याच शब्दांत, तुरुंगात शिकवलं. काही कमी केलं नाही, सोपं केलं नाही.

माझ्या शाळेत हे आलं ते मित्र उपक्रमातून. राज्याचा शालेय शिक्षण विभाग आणि इगतपुरीची विपश्यना विशोधन विन्यास संस्था यांनी मिळून शाळांमध्ये आनापान सुरू केलं. शाळा भरताना दहा मिनिटं, सुटताना दहा मिनिटं. परिपाठ, प्रतिज्ञा झाली की पोरं डोळे मिटून बसायची. पहिल्या आठवड्यात निम्मी पोरं एक डोळा उघडून बाईंचे डोळे मिटले आहेत का ते बघत होती. चौथीतली एक मुलगी हात वर करून म्हणाली, "बाई, माझा एकाच बाजूनं येतोय. दुसरी बंद आहे." सर्दी नव्हती तिला. मरकळला मोठमोठ्या माणसांना हे लक्षात यायला दोन दिवस लागतात, ते तिनं दहा मिनिटांत पाहिलं होतं. मी म्हटलं, "मग ज्या बाजूनं येतोय तिकडचा बघ." दुसऱ्या दिवशी तिनं येऊन सांगितलं, आज बाजू बदलली. वर्गात मग रोज सकाळी कुणाचा डावा, कुणाचा उजवा याची चर्चा सुरू झाली. मी ती थांबवली नाही.

दिवाळीनंतर ऊसतोड कामगारांची मुलं आमच्या शाळेत येतात. बीडकडून, नगरकडून टोळ्या येतात, पाल ठोकतात, हंगाम संपला की जातात. त्यातला एक मुलगा डोळे मिटले की पाचव्या मिनिटाला झोपायचा. मान छातीवर. बाकीची खुसखुसायची. चौकशी केली, तेव्हा कळलं की गाडी भरायला घरची माणसं पहाटे तीनला उठतात आणि धाकट्या बहिणीला सांभाळायला हाही उठतो. उपक्रमाच्या सूचनांत झोपलेल्या मुलाचं काय करायचं ते कुठे लिहिलेलं नव्हतं. मी त्याला भिंतीला टेकून बसवायला लागले, म्हणजे मान दुखणार नाही. आनापान संपलं तरी आणखी थोडा वेळ झोपू द्यायचे. गुरुजी असते तर त्यांनी हेच केलं असतं, असा माझा समज आहे. ज्यांना शीण आहे त्यांना आधी विश्रांती हवी. ज्यांना मनाचा गंभीर आजार आहे त्यांना आधी डॉक्टर हवा, आणि शिबिराचा अर्जही ते स्पष्ट विचारतो. ही विद्या सगळ्यांसाठी असली तरी प्रत्येकासाठी प्रत्येक वेळी नसते. हे नीट न सांगता जो कुणालाही शिबिराला ढकलतो, तो गुरुजींचं काम करत नाही, असं मला वाटतं.

29 सप्टेंबर 2013 रोजी गुरुजी मुंबईत वारले. बातमी दुसऱ्या दिवशीच्या पेपरात होती. त्या सहकारी शिक्षिकांचा फोन आला. आम्ही दोघी फार बोललो नाही. त्यांच्या वडिलांनी 1956 नंतर दीक्षा घेतलेली. बुद्धाचं नाव त्यांच्या घरात बाबासाहेबांच्या हातून आलं होतं, माझ्या घरात त्यांच्या हातून. "मला खरं म्हणजे तुमचेच पाय धरायला हवेत," असं मी म्हटलं, तर त्या रागावल्या. म्हणाल्या, "मी फक्त अर्ज दिला. बसलात तुम्ही." नंतरच्या शिबिराला गेले, तेव्हा संध्याकाळी सातला तोच आवाज सुरू झाला, त्याच लयीत. शेजारी बसलेल्या नव्या मुलीला गुरुजी हयात नाहीत हे ठाऊक नसावं. तिच्यासाठी ते त्या दिवशी पहिल्यांदाच बोलत होते.

आता मी निवृत्त आहे. सासूबाई गेल्या. त्यांची माळ देव्हाऱ्यात असते. मी माझी गळ्यात घालते, शिबिराला जाताना काढून तिच्याशेजारी ठेवते. जमेल तसं मरकळला सेवेला जाते. स्वयंपाकघरात मोठ्या पातेल्यातली उसळ ढवळायला माझा हात बसला आहे, कारण पालखीच्या स्वयंपाकाची सवय आहे.

मागे एक जुना विद्यार्थी भेटायला आला. कुरकुंभच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो, झोप येत नाही, चिडचिड होते, घरात बायको-पोरांवर आवाज चढतो, असं सांगत होता. चौथीत श्वासाचं शिकवलं होतं ते आठवतं का म्हणून विचारलं, तर आठवत होतं. मी शिबिराचं सांगितलं. "फी किती, बाई?" त्यानं विचारलं. मी मला कळलं होतं तसं सांगितलं. सुट्ट्या जुळवून तो जाऊन आला. आल्यावर घरी आला, काय झालं ते फारसं बोलला नाही, मीही खोदून विचारलं नाही. निघताना दारात चपला घालता घालता म्हणाला, "बाई, पुढच्या टायमाला भांडी घासायला जागा मिळंल का?"

मिळते, म्हटलं. पण नाव आधी नोंदवावं लागतं, आणि घंटेच्या आधी उठावं लागतं.